चादरीवरची शिकवणी

नव्या पेठेच्या स्टँडवर जेवढे रिक्षावाले हायत, त्यात माझ्यासारखी झ्याक वेणी कुणालाच घालता येत न्हाय. बाकीच्यांनी कधी घालूनच बघितली न्हाय, म्हणून.

ही इद्या मला आमच्या दाजींनी दिली. दाजी म्हंजे माझ्या अक्काचा नवरा. चिंचोळी एमआयडीसीत टावेलाच्या कारखान्यात हुते. अक्का कडक भाकरी करायच्या कामावर जाती, पाटं साडेपाचला घराभाईर. तवा लेकीची वेणी दाजींकडं, पार बालवाडीपासनं. त्यासाठी गड्यानं कायमची दुपारची पाळी मागून घेतली. सायेब म्हणला, एका वेणीसाठी पाळी बदलायची व्हय? दाजी म्हणले, दोन हायत सायेब. आन् मी? माझ्या बायकोची फणी कुटं असती, ते मला आजबी ठाव न्हाय.

मग दाजींना पोटाचा कॅन्सर झाला. तीन वर्सं चालला. किमोला मीच न्यायचो. सुई त्यांना, घेरी मला. पयल्याच दिवशी नर्सनं मला त्यांच्या कॉटवर आडवं केलं, आन् दाजी सलाईनचा हात सांभाळत माझ्या उशाला स्टुलावर बसले. वर मला वारं घालत हुते.

केस गेले त्याचं त्यांना काय वाटलं न्हाय. पण बोटं बधिर झाली. शर्टाची गुंडी लागंना. एका सकाळी लेकीचे केस हातातनं सुटाय लागले. तीनदा धरले, तीनदा सुटले. त्या दिवशी पोरगी नुसती शेपटी बांधून शाळेला गेली. दाजींनी सांजच्याला मला बोलवून घेतलं आन् म्हणले, आता वेणी तू शिकायची.

मी म्हणलं, शेजारच्या वैनी हायत की.

“रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात फणी घिऊन हुबी ऱ्हायाची न्हाय माझी पोरगी,” दाजी म्हणले. “मी असलो-नसलो तरी.”

ह्यावर मला इनोद सुचला न्हाय. असं लई कमी येळा हुतं.

शिकवणी चादरीवर. दाजी चादर पांघरून झोपणार आन् मी पायथ्याला बसून चादरीच्या काठाच्या दशांच्या वेण्या घालणार. तीन पदर घ्यायचे, उजवा मधी, डावा मधी. मला उजवा-डावा फकस्त रस्त्यावर कळतो, आन् पोलिसाला इचाराल तर तितंबी न्हाय. एकदा दाजींची मावशी बघाय आली. चादरीला वेण्याच वेण्या दिसल्यावर तिनं हात जोडले, म्हणली कुटल्या देवाचा नवस हाय ह्यो? दाजी तोंड गंभीर करून म्हणले, “एकशेआठ झाल्या की मेव्हण्याला अक्कल येती.” मावशीनं मला वरनं खालपतुर बघितलं आन् म्हणली, अजून एक चादर आणा.

मग खरं डोकं. पयली वेणी कानावर आली, दुसरी मानंवर. दाजी कॉटवरनं तपासायचे आन् येकच सबुद, सोड. मी सोडायचो. पोरगी मांडीवर पुस्तक घिऊन गप बसायची. शाळेत बाईंनी इचारलं, केस कुणी इंचरलं ग? तर म्हणली, रिक्षात वारं लई लागतंय.

असं कितीतरी म्हयनं. दाजी वाळत गेले, आवाज बसला, तरी बोट हलवून सोड म्हणायचे. तेवढं बोट मला लांबनंबी दिसायचं. आन् एके सकाळी त्यांनी दोनी वेण्या हातावर घेतल्या. बोटांना तर काय कळत नव्हतं, म्हणून गालाला लावून बघितल्या. मग म्हणले, “जावा. शाळेला उशीर हुतोय.”

मी भाईर आलो, रिक्षाचं हँडल चारदा वढलं. चावी लावलीच नव्हती.

त्याच आठवड्यात दाजी गेले.

तेरावं झाल्यावर पोरगी पयल्यांदा शाळेला निघाली. मी साहालाच हजर. तेल, फणी, लाल रिबनी. दोनी वेण्या अशा पडल्या की फूटपट्टी लावून बघावी. माझ्या डोळ्यातनं दोन थेंब तिच्या भांगात पडले. मी म्हणलं, तू काळजी करू नगं, तुझ्या लग्नापतुर वेणी मामाच घालणार.

पोरगी उठली. फणी माझ्या हातनं काढून घेतली, दोनी वेण्या सोडल्या, आन् दप्तरात काय ऱ्हायलं ते बघत बघत पुन्ना घातल्या. माझ्यापरीस सरळ.

म्हणलं, हे कवा शिकलीस?

“तुमी चादरीवर शिकत हुता तवाच. पप्पांना बरं वाटायचं म्हणून गप बसायचे मी,” ती म्हणली. “आता रिक्षा काढा मामा. तेवढी येती तुमाला.”