पुठ्ठ्याचं धरण

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एका रविवारी एक बाई आल्या. आठवी ते दहावीची मुलं रोज किती वेळ होमवर्क करतात, याचा सर्व्हे करत होत्या. आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या आणि प्रश्न विचारला की पेनाचं टोपण हनुवटीला लावून शांतपणे वाट बघायच्या.

"मुलगी कुठेय?"

"क्लासला. मला विचारा ना. रोज तीन तास करते."

बोलताना माझे हात चालूच होते. तिचा सायन्सचा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा होता आणि पुठ्ठ्याच्या धरणाला अजून दरवाजे लागायचे होते.

बाईंनी माझ्या बोटांवरचा गोंद पाहिला. पुढे होऊन एक दरवाजा धरला, मला नीट चिकटवता यावा म्हणून.

"वरच्या मजल्यावर ज्वालामुखी चाललाय," त्या म्हणाल्या. "तिथला मुलगाही क्लासलाच."

"मग तुम्ही लिहिता काय?"

"आई सांगेल ते. माझ्याकडे कोणी आलं, तर मीही तीन तासच सांगेन. आमची सूर्यमाला परवाच झाली."

चपला घालताना त्यांनी सहज विचारलं, "मागच्या वेळी तुम्हाला ग्रेड काय मिळाली?"

"बी," मी म्हटलं, आणि माझी मान आपोआप खाली गेली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "दहावीला अजून वेळ आहे तुमच्या."