करंगळीची तालीम

माझ्या मावशीने आयुष्याची एकतीस वर्षं फाटलेले सिनेमे शिवले. 'शिवले' हा तिचाच शब्द. सिनेमे वाटणाऱ्या एका कचेरीच्या मागच्या गोदामात ती कामाला होती. थिएटरांतून रिळं परत आली की ती टेबलावर चढवायची, एका हाताने चक्री फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांमधून फिल्म सरकू द्यायची. कड कुठे उसवली, कडेचं भोक कुठे फाटलं, हे डोळ्यांआधी बोटांना कळायचं. मग तेवढा तुकडा कातरायचा, टोकं खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब लावून दाबून धरायची आणि पुढे. टेबलाच्या मधोमध काच होती, काचेखाली दिवा. त्यावर चित्रं दिसायची. आवाज नाही, हालचाल नाही, नुसती एकाखाली एक चित्रं.

"हजार सिनेमे पाहिले असशील तू," मी एकदा म्हटलं.

"पाहिला एकही नाही," ती म्हणाली. "चाळले."

काका, म्हणजे तिचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट ज्यांच्या हातात, ते स्वतः मात्र चार जिने चढून घरी यायचे, कारण त्यांच्या इमारतीत लिफ्टच नव्हती. "मी लोकांना वर पोचवतो," ते नव्या माणसाला हमखास सांगायचे, आणि समोरचा दचकला की, "पण परत खालीही आणतो हो!" मावशी कपाळाला हात लावायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजात असताना दर रविवारी त्यांच्याकडे जायचे, आणि त्या दोन खोल्यांत मला कधी कंटाळा आला नाही.

तो सिनेमा परदेशातून आला तेव्हा कचेरीने त्याचं नाव ठेवलं होतं 'सात घावांचा सूड'. पोस्टरवर दोन्ही हातांत तलवारी घेऊन हवेत उडणारा एक माणूस रंगवला होता. हा माणूस अख्ख्या सिनेमात कुठेच नव्हता. तलवारीही नव्हत्या. लोक कुंग फूची हाणामारी बघायला आले आणि पहिला तासभर त्यांना दिसला एक म्हातारा, बिछान्यात पडलेला. दुसऱ्या दिवशी शिट्ट्या झाल्या, खुर्च्या फाडल्या. ऑपरेटर घाबरला. लोकांना लवकर मारामारी दाखवावी म्हणून त्याने तिसरं रीळ गाळून थेट चौथं लावायचं ठरवलं आणि त्या गडबडीत फिल्म टराटरा फाडली. म्हणून ती रिळं मावशीच्या टेबलावर आली, उद्या सकाळपर्यंत शिवून द्या म्हणून.

शिवता शिवता शेवटच्या रिळाशी तिची चक्री थांबली. फाटलेलं काही नव्हतं, तरी थांबली.

त्या दिवशी तिने काकांना जे सांगितलं ते मी समोर बसून ऐकलं. "अहो, बाकीच्या मारामाऱ्यांत काय असतं, हात उगारला की चित्र बदलतं. लागला की पुन्हा बदलतं. मधे काय झालं ते कोणालाच ठाऊक नसतं. शेंडी लावतात लोकांना. इथे मी गजच्या गज फिल्म सोडतेय, सोडतेय, आणि चित्र बदलतच नाही! जे आहे ते सगळं त्या पोरीने खरोखर केलंय. एका दमात."

"म्हणजे चांगला आहे?"

"उद्या दुपारचा खेळ आहे. चला."

काका सिनेमात झोपायचे. थिएटरात गारवा असतो, अंधार असतो, याहून काय हवं, असं त्यांचं मत. पण त्या दुपारी नऊ माणसांच्या त्या थिएटरात ते जागे राहिले. दहावी मी.

गोष्ट साधी होती. एका तालमीच्या म्हाताऱ्या गुरूला अर्धांगाचा झटका येतो. वाचा जाते, सगळं अंग जातं, उरते ती डाव्या हाताची करंगळी. शिष्य एकेक करून निघून जातात. उरते पाणी भरणारी एक मुलगी, त्याला भरवणारी, त्याचं अंग पुसणारी. कधीतरी तिच्या लक्षात येतं की ती करंगळी उगाच हलत नाही, गुरू शिकवतो आहे. सहा-सात महिने ती त्या एका बोटावरून अख्खी विद्या शिकते. शेवटी वैरी येतो, आणि ती त्याच्याशी गुरूच्या खोलीतच लढते. खोली एवढीशी. तिने ठरवलेलं असतं की गुरूच्या अंगावरचं पांघरूण हलता कामा नये. ती बिछान्यापासून एका हातापलीकडे जात नाही. वैऱ्याचा प्रत्येक वार ती असा वळवते की तो भिंतीत जातो, दारात जातो, तिच्या स्वतःच्या खांद्यात जातो, पण बिछान्यावर जात नाही. आणि हे सगळं, मावशी म्हणाली तसं, चित्र न बदलता.

ऑपरेटरने तिसरं रीळ त्याही दुपारी लावलं नाही. त्यामुळे मुलगी आधी नुसती पाणी भरत होती आणि पुढच्या चित्रात एकदम शिकायला लागली होती.

बाहेर आल्यावर काकांनी पोस्टरवरच्या तलवारवाल्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पण तिला पहिल्यांदा कळलं कसं गं? तो शिकवतोय म्हणून?"

"ते तिसऱ्या रिळात आहे," मावशी म्हणाली. "बादली आहे, बोट आहे, पोरीचा चेहरा आहे. मी फाटलेलं तेवढं बघितलं. टेबलावर पुन्हा लावून नीट बघते आणि सांगते तुम्हाला."

चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. रिळं गोदामात गेली, वर दुसऱ्या रिळांची चळत चढली आणि सांगायचं राहून गेलं. असं काय काय राहून जातं.

आठ वर्षांनी कराराची मुदत संपली. मुदत संपली की रिळं तोडायची, असा त्या धंद्याचा नियम होता, कुणी चोरून दाखवू नये म्हणून. हमालाने यादीतले डबे काढून दिले, आणि प्रत्येक रिळावर कुऱ्हाड चालवायचं काम मावशीचं, कारण सही तिची लागायची. त्या यादीत हा सिनेमा होता. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "अगं, एखादा डबा आणायचास की पिशवीत घालून!"

"नियम म्हणजे नियम. उद्या तुम्ही लिफ्टचा दोर घरी आणाल."

"किती घाव घातलेस? सात ना? चला, नावाला तरी जागला बिचारा."

तिघंही हसलो. मला ते हसणं पुढे फार वर्षं बोचलं.

पुढच्याच वर्षी काका एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत कोसळले. रखवालदाराला दिसले तोवर तास-दीड तास उलटला होता. उजवी बाजू गेली. महिन्याने दुसरा झटका आला आणि डावीही गेली. डोळे उघडे राहायचे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तेवढी अधूनमधून हलायची.

मावशीने नोकरी सोडली. डॉक्टरांनी सांगितलं, "समजत असेल तर डोळे मिटून हो-नाही सांगू शकतील, विचारून बघा." कधी काका डोळे मिटायचे, कधी नाही. मिटले तरी होकार की नुसती पापणी, कळायचं नाही. बोटांबद्दल डॉक्टर म्हणाले, "स्नायू आपोआप उडतात, त्यात अर्थ शोधू नका." मावशी मान हलवून ऐकायची आणि घरी येऊन शोधायला बसायची.

"पाणी हवंय? खिडकी उघडू? कूस बदलू? ऊन लागतंय का डोळ्यांवर?" एकेक विचारायची आणि बोटांकडे बघत राहायची. भिंतीवर एक कागद लावला होता. बोट किती वेळा हललं, कुठल्या बाजूला वळलं, तेव्हा काय चाललं होतं, सगळं बारीक अक्षरात. मी जायचे तेव्हा ती मला तो कागद दाखवायची, जोड कुठे लागतोय ते शोधायला. जोड लागत नव्हता.

एकदा तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुला आठवतं का गं, त्या पोरीला पहिल्यांदा कसं कळलं?"

"आपण ते रीळ पाहिलंच नव्हतं मावशी."

"मी पाहिलं होतं. हातातून गेलंय माझ्या. बादली होती. ती पाठमोरी होती का समोर? बोट आधी हललं की बादली?" तिने डोळे घट्ट मिटले. "हलणारी गोष्ट थांबवून बघितली की काही कळत नाही बघ. आणि बघायला गेले तर आता आहे कुठे? मीच तोडलं."

तिने जुन्या ऑपरेटरला गाठलं. त्याला सिनेमाच आठवत नव्हता. कचेरीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तो सिनेमा आम्हीसुद्धा पूर्ण पाहिला नाही."

काका साडेतीन वर्षं तसे होते. शेवटच्या दिवशी सकाळी मावशी त्यांचे पाय पुसत होती. बोटं हलली. ती म्हणाली, "थांबा हं, एवढं झालं की बघते." पाय पुसून झाल्यावर तिने पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले, तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "सिनेमातल्या पोरीला कळलं. मला नाही कळलं."

त्यावर सांत्वन करणारं काहीही म्हणता येतं, आणि मी म्हटलंही. तिने ऐकून घेतलं.

पुढची चौदा वर्षं तिने त्या सिनेमाचं नाव काढलं नाही. मग एक दाढीवाला तरुण तिचा पत्ता शोधत चार जिने चढून आला. विसरलेल्या सिनेमांवर तो लिहीत होता. दम खात म्हणाला, "सात घावांचा सूड. त्याच्या प्रिंटच्या कागदांवर तुमची सही आहे. तोडल्याची."

"आहे," मावशी म्हणाली. "मीच तोडली."

त्याचा चेहरा पडला. त्याने सांगितलं की या सिनेमाची धड प्रत जगात कुठेच सापडत नाही. त्याचं मूळ भाषेतलं खरं नाव 'करंगळी'. कुंग फूच्या सिनेमांची एवढी पुस्तकं निघाली, पण यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. ज्यांनी पाहिला त्यांना तो संथ वाटला, आणि ज्यांना आवडला असता त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. त्याच्याकडे परदेशातल्या टीव्हीवरून कुणीतरी उतरवून घेतलेली एक टेप होती. रंग उडालेले, दोन्ही कडा कापलेल्या, आणि शेवटच्या लढाईचा बराचसा भाग गायब.

"तिसरं रीळ आहे त्यात?" मावशीने विचारलं.

"रिळाचं सांगता येत नाही मला. काय होतं त्यात?"

"बादली."

"बादली आहे."

पुढच्या शनिवारी तो सगळं सामान घेऊन आला. मावशी खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढून बसली. मी तिच्या मागे उभी होते.

मुलगी अंगणातून पाण्याची बादली घेऊन खोलीत येते. करंगळी हलते. ती धावत जवळ जाते, पाणी पाजते. तो पीत नाही. पांघरूण ओढते. करंगळी हलते. खिडकी लावते, उघडते. करंगळी हलतच राहते. ती हताश होते, पाठ फिरवते आणि बादली उचलून निघते. दारातल्या चकचकीत पितळेच्या घंगाळात तिला मागच्या सगळ्याचं प्रतिबिंब दिसतं. तिने बादली उजवीकडे झुकवली की करंगळी डावीकडे वळते. मनगट सरळ केलं की थांबते. ती बादली खाली ठेवते, पुन्हा मुद्दाम चुकीच्या रीतीने उचलते. करंगळी वळते. म्हातारा काहीच मागत नसतो. तो तिला काम करताना बघत असतो.

मावशीने हात वर केला. दाढीवाल्याने टेप थांबवली.

"पुन्हा लावू?"

"नको."

ती त्या थांबलेल्या चित्राकडेच बघत होती. मग आमच्याकडे न वळता म्हणाली, "साडेतीन वर्षं मी विचारत राहिले, काय हवंय, काय हवंय."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, काकाही तुला बघतच असतील."

"असतील. नसतीलही." तिने डोळे पुसले. "तो सिनेमा आहे बाई. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल, आपोआप उडत असतील बोटं. आता कोणाला विचारू?"

दाढीवाल्याला वाटलं आपण काहीतरी अपराध केला. तो सामान आवरायला लागला. मावशीने त्याला थांबवलं, तोंड धुऊन आली, चहा ठेवला आणि म्हणाली, "शेवटची लढाई नाही ना तुमच्याकडे? लिहून घ्या." त्याने टेपरेकॉर्डर लावला. तिने सगळी लढाई सांगितली. मुलगी कुठे उभी होती, कुठला पाय पुढे, वार कुठून आला, पांघरुणाची कड कुठे लोंबत होती आणि ती वाचवायला तिने गुडघा कसा मधे घातला. तीन-तीनदा मागे जाऊन दुरुस्त केलं. मधे तो म्हणाला, "इथे कट असेल ना?" ती जवळजवळ ओरडली, "नाही! तेच तर सांगतेय मी तुम्हाला!"

त्याने सिनेमा एका छोट्या सभागृहात दाखवायचं ठरवलं. लढाई जिथे तुटते तिथे पडदा कोरा ठेवून मावशीचा आवाज ऐकवायचा. तिने यायला नकार दिला. "मी तोडलेलं मी लोकांसमोर बसून कसं ऐकू?" तरी मी तिला राजी करीन अशी माझी खात्री होती. पण तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि त्या हिवाळ्यात छातीच्या आजाराने आठच दिवसांत मावशी गेली.

खेळाला साठ-सत्तर माणसं आली होती, बहुतेक तरुण. बादलीच्या प्रसंगाला कुणीतरी हलकेच 'वा' म्हणालं. पडदा कोरा झाला आणि मावशी बोलायला लागली. खुर्च्यांतून कुणी हललं नाही. ती सांगत होती, "आता बघा, तिचा डावा हात बिछान्याच्या काठावर आहे, तो ती शेवटपर्यंत काढत नाही..." मी भिंतीशी उभी होते. तिचा आवाज एवढा ताजा होता की मला तिथे थांबवेना. मी दार हळूच ओढून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा उठले, तोंडावरून पदर फिरवला आणि दाढीवाल्याचे आभार मानायला आत गेले.