ब्लियावहिनीचे उघडे डोळे

माझी वहिनी, ब्लिया थाओ, इनिस्फेल गावात शाळेची बस चालवते. डोंगरातलं युद्ध चुकवून या परदेशात आलेल्या आमच्या ह्मोंग जमातीच्या बायका बहुतेक केळीच्या बागेत नाहीतर पॅकिंग शेडमध्ये; मीही, माय माझं नाव, शेडमधलीच. वहिनीला मात्र पहिल्यापासून गाडीचं वेड. लायसन मिळालं त्या दिवशी दादाला शेजारी बसवून ती थेट मिशन बीचपर्यंत जाऊन आली. दादा घरी येऊन मला हळूच म्हणाला, "माझ्यापेक्षा बरी चालवते गं. पण तिला सांगू नकोस."

गेल्या वर्षी उसाचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला कंपनीनं सगळ्या बसमध्ये चालकाच्या तोंडासमोर एक छोटा कॅमेरा लावला. चालकाच्या पापण्या मिटू लागल्या की भोंगा वाजायचा आणि बसायची सीट थरथरायची. अशा नोंदी साठल्या की संगणक आपणहूनच त्या माणसाचं नाव ड्युटीतून काढून टाकायचा. वहिनीला ही कल्पना पटली होती. "पोरं असतात मागे. डुलकी लागली तर कुणीतरी ओरडायलाच हवं," म्हणाली.

पण भोंगा वाजायला लागला तो ती टक्क जागी असताना. ऊन समोरून आलं की वाजायचा. मोठा आरसा बघायला मान वळवली की वाजायचा. आणि ती हसली की तर हमखास. आमचे डोळे हसताना बारीक होतात. त्या कॅमेऱ्याला वाटायचं, बाई झोपली. मागून पोरं ओरडायची, "मिस, परत घोरताय?" त्यावर तिला पुन्हा हसू यायचं, आणि पुन्हा भोंगा.

काही दिवसांनी तिनं बसमध्ये हसणंच सोडलं. डोळे ताणून बसायची. संध्याकाळी घरी आली की कपाळावर ओला पंचा टाकून पडायची. इतकं करूनही एका सोमवारी सकाळी डेपोत गेली, तर तिचं नाव ड्युटीवर नव्हतं.

डेपोचा साहेब लॉइड हॅनाफिन तसा वाईट माणूस नव्हे. पण तो म्हणाला, "ब्लिया, माझ्या हातात काही नाही. संगणकानंच काढलंय. नियम सगळ्यांना एकच आहे."

"लॉइड, तू मला झोपलेली कधी बघितलंयस?"

"मी नाही बघितलं."

"मग कुणी बघितलं?"

"यंत्रानं. आणि यंत्र काही गोरा-काळा बघत नाही."

"ते उघडे डोळेही बघत नाही, हेच तर सांगतेय मी," वहिनी म्हणाली.

तिच्याच डेपोत रिनो बोर्तोलिन नावाचा म्हातारा इटालियन चालक होता. त्यानं तिला बाहेर गाठलं. "काळा चष्मा लाव. मी लावतो. डोळेच दिसले नाहीत तर ते बापडं गप्प बसतं. खरं सांगू? एकदा रुळाच्या फाटकाशी उसाची आगगाडी जाईपर्यंत माझा डोळा लागला होता. बस रिकामी होती म्हणा. चूं केलं नाही त्यानं."

वहिनी म्हणाली, "म्हणजे झोपलेल्याला सोडतं, आणि जागीला घरी बसवतं?"

चष्मा तिनं लावला नाही. मला म्हणाली, "माय, मला यंत्र नकोय असं नाही. मला ते खरं बोलणारं हवंय."

केर्न्सच्या मानवी हक्क आयोगात तिनं फोन लावला. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं ते तिनं आम्हाला जेवताना सांगितलं. नियम सगळ्यांना सारखा लावला, तरी तो एखाद्या वंशाच्या लोकांनाच जास्त जाचत असेल आणि त्याला रास्त कारण नसेल, तर कायद्यानं तोही भेदभावच. कंपनीच्या मनात आकस असायला हवा असं नाही. पण जाचतो हे दाखवायला हवं, आणि एकट्या बाईच्या सांगण्यावर ते दिसत नाही.

म्हणून आमच्या ह्मोंग नव्या वर्षाच्या मेळ्यात, पोरंपोरी रिवाजाप्रमाणे मैदानावर चेंडू झेलत होती तेव्हा, वहिनी आमच्या बसचालकांना एकेक करून गाठत फिरली. बहुतेकांनी मान खाली घातली. आमच्या कुळातले थोरले काका तर सगळ्यांसमोर बोलले, "सूनबाई, या देशानं आपल्याला आसरा दिला. त्यांच्याविरुद्ध तक्रार शोभते का?"

"काका, आसरा दिला तसा कायदाही दिलाय की. तो कपाटात ठेवायला दिलाय का?"

दादा लाजेनं लाल. पण संध्याकाळी टली गावचा, त्याच कंपनीचा एक चालक, कोउ शिओंग, आपणहून घरी आला. त्यालाही असंच उतरवलं होतं. आपल्याच डोळ्यांत काही दोष असेल असं समजून बिचारा डॉक्टरकडे जाऊन आला होता. मग आणखी दोघं आले, त्यातला एक फिलिपिनो.

चौघांनी मिळून आयोगाकडे तक्रार केली आणि केर्न्सला समेटाची बैठक झाली. कंपनीचा वकील म्हणाला, यंत्र परदेशातून घेतलंय, ते आत कसं ठरवतं ते आम्हालाही ठाऊक नाही.

वहिनी म्हणाली, "ठाऊक नाही, तर त्याच्या शब्दावर माणसं का काढता?"

मग त्यांनी तोडगा काढला. वहिनीला डेपोत फोनवरचं काम, उन्हातान्हात जायला नको, कॅमेरा नाही. अट एकच, या प्रकरणाबद्दल कुठं बोलायचं नाही. दादाला ते पसंत होतं. परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणाला, "घे ना, ब्लिया. थकलीस तू."

"थकले म्हणून सोडू? आणि कोउचं काय? तो फोन उचलायला कुठं बसेल?"

"दुनियेचा भार तुझ्याच डोक्यावर का?"

"दुनियेचा नाही रे. चौघांचा आहे."

मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या बैठकीला रिनो आमच्याबरोबर आला. वहिनीनं त्याला म्हटलंही नव्हतं. त्यानं फाटकापाशी लागलेली डुलकी आणि काळा चष्मा, दोन्ही वकिलासमोर सांगून टाकलं. कंपनीच्या बाजूला बसलेल्या लॉइडनं डोळे मिटून घेतले. रिनोला लेखी ताकीद मिळाली आणि त्यानं त्याच महिन्यात निवृत्ती घेतली. "बायको कधीची मागे लागलीच होती," एवढंच म्हणाला, पण मला माहीत आहे, त्याला अजून काही वर्षं बस चालवायची होती.

त्यानंतर कंपनी नमली. आता यंत्र ओरडलं तरी आधी माणूस चित्रण बघतो, मगच काय ते ठरतं. चौघांच्या जुन्या नोंदी पुसल्या. यंत्र बनवणाऱ्यांनी वेगवेगळ्या चेहऱ्यांवर चाचणी करून दाखवावी, नाहीतर कॅमेरे काढायचे, असंही ठरलं. गप्प राहायची अट वहिनीनं खोडायला लावली. माफी काही मिळाली नाही. 'खेद आहे' असं म्हणाले.

शाळा उघडल्या तशी ती पुन्हा मोरिलियनच्या फेरीवर गेली. चाचणीचं अजून भिजत घोंगडंच आहे. ती दर महिन्याला लॉइडच्या टेबलापाशी उभी राहून विचारते आणि तो मान हलवतो.

परवा रविवारी मरीबा गावाहून एक व्हिएतनामी ट्रकचालक तिचा पत्ता शोधत आला. त्याच्या मालकानं तसलाच कॅमेरा बसवलाय. तो दारातच घाईघाईनं सांगायला लागला, तेव्हा वहिनीनं त्याला आत ओढलं, चिकट भाताची टोपली आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला आणि म्हणाली, "आधी जेव. मग अगदी पहिल्यापासून सांग."