भिकाजीबाबांचा ड्रम

बँडवाल्याला लग्नातून दोन गोष्टी मिळतात, लाडवाचा पुडा आणि एक किस्सा. लाडू घरी पोचेपर्यंत संपतो, किस्से मात्र साठत जातात. आमच्या ठाण्याच्या बँडात हसवणारे किस्से ढीगभर! पण मंडळी जमली की फर्माईश भिकाजीबाबांच्याच किश्श्यांची व्हायची. ते ऐकून कुणी हसत नसे, तरीही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली. मी क्लॅरिनेट वाजवायचो. बाबांनी ऐंशी ओलांडलेली. वरातीत चालवत नसे, म्हणून मांडवाच्या दाराशी स्टुलावर बसून ड्रम वाजवायचे. हात मात्र असा की आमचा बँड चालवणारे विठ्ठलमास्तरसुद्धा ऐकत राहायचे. कारण बाबा हे शिकले होते पलटणीत, इंग्रजांच्या काबुलाकडच्या लढाईत. पोरवयात!

त्यांचे वडील शिपाई. ते छावणीतच पटकीनं गेले. आई पोराला घेऊन हवालदारापुढे उभी राहिली.

हवालदार म्हणाला, "याला काय येतं?"

आई म्हणाली, "भूक सोसता येते!"

त्याच दिवशी गळ्यात ड्रम पडला.

*

डोंबिवलीच्या एका लग्नात वरबाप ऑफिसातले बडे साहेब. बाबांची हकिकत ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही लढाईत एकदम सेफ! नुसतं वाजवायचं."

"होय साहेब," बाबा म्हणाले. "गोळीबार सुरू झाला की ड्रम खाली ठेवायचा आणि जखमींची डोली उचलायची. तेव्हा कळायचं, ड्रम किती हलका होता!"

साहेबांनी स्वतः उठून बाबांना सरबत आणून दिलं. बाबांनी ते शेजारच्या झांजवाल्याला दिलं.

*

त्यांच्याबरोबर बासरी वाजवणारा इटू होता. कोपरच्या खाडीकाठचा, बाप मिठागरात राबणारा. डोंगरात पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा हा पोरगा ओरडलाच, "भिक्या, केवढं मिठागर रे!" धावत गेला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "अळणी आहे!"

सगळी पलटण हसली. बाबासुद्धा हे सांगताना हसायचे.

मग आमच्यापैकी कुणीतरी नवखा विचारायचाच, "पुढे काय झालं इटूचं?"

"तिथंच आहे," बाबा म्हणायचे.

*

एकदा शाळेत झेंडावंदनाला बाबांना बोलावलं. मी सोबत गेलेलो. हेडमास्तरांनी भाषणात त्यांना पार रणशूर करून टाकलं. मग एका पोरानं हात वर केला, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?"

"एकही नाही रे."

पोरांचे चेहरे पडले. "मग काय केलं?"

"पहाटे ड्रम वाजवून सगळ्यांना उठवायचो."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण लढाईच्या दुसऱ्या दिवशी कितीही जोरात वाजवलं तरी काहीजण उठायचे नाहीत."

हेडमास्तरांनी घाईघाईनं पेढे वाटायला घेतले.

*

आता कल्याणचं सांगतो. बाजारपेठेत लग्न होतं. वरात यायला उशीर होता आणि पोरं बाबांच्या मागे लागलेली, "लढाईतलं वाजवा ना!" बाबा ते सहसा वाजवत नसत. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, कांड्या उचलल्या. पलटण डोंगर चढायला निघाली की वाजवायची ती चाल. साधीच, पण छातीत घुमणारी.

समोर सुक्या मेव्याचं दुकान होतं. दुकानदाराचा म्हातारा बाप पायरीवर बसला होता, काबूलकडचा खान, बाबांच्याच वयाचा. तो काठी टेकत टेकत रस्ता ओलांडून आला आणि स्टुलासमोर उभा राहिला.

"ये मैंने सुना है," खान म्हणाला. "पहाड के ऊपर से. माँ हमारे कान पर हाथ रखती थी."

बाबांचे हात थांबले. विठ्ठलमास्तर पुढे सरसावले, भांडण होतंय की काय म्हणून.

मग खाननं विचारलं, "तू कितना बडा था?"

बाबा स्टुलावरून उठले. हात पुढे केला आणि कमरेच्या जरा वर, हवेत धरला.

खाननं काठी बगलेत घेतली आणि आपलाही हात पुढे केला. बाबांच्या हाताशेजारी, थोडा खाली.