हललेला फोटो

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. अख्ख्या गल्लीच्या ओळखपत्रांवरचे चेहरे त्यांच्याच हातचे. "हलू नका," एवढं त्या म्हणाल्या की रडकं पोरही गप्प व्हायचं. माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, चिडवायचे, "घरात तरी हलू दे गं बाई!"

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. पळण्याचं भारी वेड. त्या वर्षी कामगारांच्या शर्यतीत जीव खाऊन पळाले आणि पहिले आले. दोरी ओलांडल्यावर धापा टाकत पुढे चालतच होते, पण जाऊबाई कॅमेरा घेऊन उभ्या. कौतुक मावत नव्हतं बाईंच्या चेहऱ्यावर.

"अहो, इकडे या. या पायरीवर उभे राहा. हात वर... हं, आता हलू नका!"

ते हसले आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. चेहरा पांढरा पडत चाललेला जाऊबाईंना भिंगातून दिसलासुद्धा. त्यांना वाटलं, उन्हाने. बटण दाबलं आणि भाऊजी कोसळले. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी नंतर आम्हाला समजावलं. पळताना पोटऱ्या पंपासारख्या रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की रक्त पायांतच साचतं, डोक्याला कमी पडतं आणि भोवळ येते. म्हणून वेग हळूहळू कमी करायचा, श्वास जागेवर येईपर्यंत चालत राहायचं. पंपवाल्याच्या बायकोला आणखी काय सांगायचं? जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "चालतच होते हो ते."

स्टुडिओ पुन्हा उघडला, पोट कुणाला चुकलंय? पण "हलू नका" हे शब्द त्यांच्या तोंडून गेले ते गेलेच. गिऱ्हाईक आपणहून स्थिर होईपर्यंत त्या नुसत्या बघत राहत. एक आजोबा वैतागले, "बाई, फोटो काढताय की चित्र?" मला हसू फुटलं. त्यांना नाही.

त्यांची लेक, आमची भिंगरी, बापाचे पाय घेऊन जन्मलेली. जाऊबाईंनी तिचं पळणं बंद केलं आणि मायलेकींत अबोला सुरू झाला. कॉलेजच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी भिंगरीच बोलली. "तू नाही आलीस तरी मी पळणार आहे, आई. काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

मी मेथी निवडत राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "येईन. कॅमेरा आणणार नाही."

भिंगरी दुसरी आली. मैत्रिणींनी घेरलं. "थांब, थांब, फोटो!" पोरगी थांबलीही. तोच जाऊबाई प्रेक्षकांपुढच्या दोरीखालून आत घुसल्या, तिचं मनगट धरलं. "चल. चालत राहा."

दोघी मैदानाच्या कडेने निघाल्या. आधी भरभर, मग सावकाश.

"आई, झालं गं. आला श्वास जागेवर."

"अजून थोडं."

भिंगरी काहीतरी थट्टा करणार होती. आईकडे पाहिलं आणि तिच्या पावलाला पाऊल लावून पुढची फेरीही चालली.

कुणीतरी टिपलेला त्या वेळचा फोटो आता स्टुडिओत लावलाय. दोघींचे चेहरे पुसटलेले. गिऱ्हाइकं म्हणतात, "हा हललाय, बदला की."

"असू दे," जाऊबाई म्हणतात.

शेजारीच भाऊजी आहेत, पायरीवर, हात वर करून. तो फोटो मात्र जरासुद्धा हललेला नाही.