नरहरीभाऊ उतरले नाहीत

वसई पूर्वेला आमचा पत्र्याची झाकणं बनवायचा गाळा होता. नरहरीभाऊ राऊत तिथे वीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. प्रेस वरून दणकन खाली येते आणि खाली पत्रा आहे की हात, याची चौकशी करत नाही. भाऊंची दहाही बोटं शाबूत होती. आमच्या धंद्यात याहून मोठी पदवी नाही, पण ती कागदावर मिळत नाही. मी मनवेलपाड्याचा डिप्लोमावाला. माझा कागद मी फ्रेम करून घेतला होता.

१९९९ साली सुपरवायझरची जागा निघाली. उमेदवार दोनच, भाऊ आणि मी. मोठ्या कंपन्या आपली माणसं डोंगरावर नेऊन पारखतात, असं शेठजींनी कुठेतरी ऐकलं होतं. मग काय, सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्हा सगळ्यांना टेम्पोत कोंबून चिंचोटीच्या धबधब्यावर नेलं. अंधेरीहून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी झाडाला दोर बांधला आणि साठ फुटांचा कडा दाखवला.

"भीतीवर मात करायची. लीडर सगळ्यात आधी उतरतो," ते म्हणाले.

मी सगळ्यात आधी उतरलो. वरपासून खालपर्यंत बोंबलत उतरलो. प्रशिक्षकांनी त्याची नोंद 'उत्साह' अशी केली आणि दहापैकी नऊ गुण दिले.

मी पायवाटेने परत वर आलो, तेव्हा भाऊंची पाळी होती. ते कड्यापर्यंत गेले, पण त्यांनी खाली पाहिलंच नाही. झाडाकडे पाहिलं, नखाने साल खरवडली.

"हा पांगारा. आमच्या वाडीत यावर पानवेल चढवतात, माणूस लटकवत नाहीत."

"काका, भीती वाटते का?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"वाटते की."

"मग तिला जिंकायचं!"

"कशाला? खरं तेच सांगतेय ती."

आणि ते दगडावर बसून डबा उघडू लागले.

इथे कबूल केलं पाहिजे की पांगारा मोडला नाही. बाकी सगळे उतरले, झाड साधं कुरकुरलंही नाही. भाऊंना दोन गुण मिळाले, तेही डबा वाटून खाल्ल्याबद्दल. सुपरवायझर मी झालो. त्या हुद्द्यावर माझं लग्नही जमलं. वर्षभर मी रोज सकाळी विचारायचो, "काय भाऊ, पांगारा कसा आहे?" ते म्हणायचे, "उभा आहे."

पुढच्या दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली आणि चार नंबर प्रेसचा गार्ड तुटला. गार्ड म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी. नवीन यायला चार दिवस, माल जायचा तीन दिवसांत. मी भाऊंना बसायला सांगितलं.

"गार्ड नाही, मी बसणार नाही," ते म्हणाले. मग इतरांकडे वळले. "तुम्हीही बसू नका."

कोणी बसलं नाही. शेठजी केबिनच्या दारात उभे राहून पाहत होते. माझा हुद्दा आणि माझं लग्न, दोन्ही मला त्या दारात उभी दिसली. लीडर सगळ्यात आधी, हे मला आठवलं. मी स्वतः बसलो.

दोनशे अकरा झाकणं उत्तम निघाली. पुढच्या झाकणाला उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतरचं फारसं आठवत नाही. रिक्षात भाऊंनी माझा हात आपल्या रुमालात गुंडाळून वर धरला होता आणि ते सारखं बजावत होते, "हात खाली घेऊ नकोस."

चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलात आले. वाडीवरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणली होती, ती ज्यात बांधतात ते पान घरूनच सोडवून.

"ताजी केळी आणणार होतो. पण सोलायला दोन हात लागतात," ते म्हणाले.

मी मान फिरवली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. भिंतीकडे पाहतच विचारलं, "मशीन?"

"बंद आहे. गार्ड बसेपर्यंत चालणार नाही."

"शेठजींनी ऐकलं?"

"मी सांगितलं, सुपरवायझरचा हुकूम आहे."

"आणि माझी नोकरी?"

"हुकूम पाळायचा, तर हुकूम देणारा कामावर नको?"

"पण भाऊ, असा हुकूम मी दिलाच कधी?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"आता दे," ते म्हणाले.