पडदी पुसली कोणी?

ऑफिसात सगळे त्यांना शंकाकाकू म्हणत, अर्थात पाठीमागे. कोणी आपणहून चहा आणून दिला, तरी ‘आज याचं काय काम अडलंय?’ असंच त्यांच्या मनात यायचं. मात्र इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हल्ली तर मेले सगळेच त्यांच्यासमोर कुजबुजायला लागले होते. त्यात सून त्याच ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून आली. म्हणजे घरातही तीच आणि समोरच्या टेबलावरही तीच! नाच, गाणं, नाटक शिकवणाऱ्या शाळेची इमारत हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. आराखडा सुनेचा, नकाशे सासूचे.

शाळेच्या नाचाच्या बाईंचा फोन सुनेनं घेतला आणि निरोप काकूंना सांगितला. काकूंनी तालमीच्या मोठ्या खोलीत मधोमध पडदी घातली, विटांची पातळ भिंत. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर बघतात तो काय, भिंत गायब! तिथे नुसती तुटक रेघ. त्यांनी भिंत पुन्हा घातली. संध्याकाळी ती पुन्हा पुसलेली.

“माझ्या नकाशाला हात कोणी लावला?” काकू कडाडल्या. माना वर झाल्या. सून जवळ येऊन काहीतरी पुटपुटली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. सासूला वेंधळी ठरवून घरी बसवायचा डाव, दुसरं काय! पण काकूही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी भिंत तिसऱ्यांदा घातली, लगेच प्रिंट काढली आणि शाळेबरोबरच्या मीटिंगच्या दिवशी स्वतः साहेबांच्या हातात दिली.

नाचाच्या बाईंनी कागद उलगडला आणि कपाळावर हात मारला. “अहो, मुलं काय भिंतीतून आरपार नाचणार? मी पडदा म्हटलं होतं, सरकवायचा पडदा!”

काकूंचा जन्म विटासिमेंटात गेलेला, कानांनी पडद्याची पडदी करून टाकली होती.

“निरोप कोणी घेतला?” साहेब भडकले.

“मी. मीच चुकीचा सांगितला,” सून म्हणाली.

“मग हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल.”

काकूंनी सुनेकडे रोखून पाहिलं. ही खोटं का बोलतेय? हिचा यात काय फायदा? त्यांनी मनातल्या मनात सगळीकडून शोधला, पण फायदा काही सापडेना. आणि त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

त्या उठल्या. “साहेब, निरोप बरोबर होता. तिनं भिंत पुसून पडद्याची तुटक रेघ काढली, मीच परत भिंत घातली. चारचौघांत माझी शोभा नको म्हणून ती हळू सांगत राहिली, आणि मला हळू बोललेलं ऐकूच येत नाही. वर्ष झालं.”

हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सुनेचे ओठ हलले.

काकूंनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली.

“ऐकू नाही आलं गं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांग.”